पुलाखाली राहणाऱ्या मुलीची पाळी चुकलीय, पोटात दुखतंय, कागद एकही नाही, कुठे न्यावं?

पुलाखालचीशाळा:

नमस्कार. मोठं होईल थोडं पण घाई आहे म्हणून जसं सुचतंय तसं लिहितेय. आम्ही काहीजण शनिवार-रविवार संध्याकाळी मध्य मुंबईत एका उड्डाणपुलाखाली मुलांना शिकवायला बसतो. तिथे बरीच कुटुंबं राहतात, बहुतेक परभणी-जालना बाजूची, आणि शिवाय काही मोठी मुलंमुली एकेकटी, कुणी घरातून निघून आलेली, कुणाचे आईबाप गेलेले. त्यातली एक मुलगी, वय विचारलं तर कधी सतरा म्हणते कधी एकोणीस, मावशीच्या ताडपत्रीला लागून राहते, सिग्नलला गजरे विकते. काल सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली ताई महिना आलाच नाही, दोनदा चुकला. ओटीपोटात दुखतंय, उजवीकडे जास्त, लघवीला जळजळ आहे आणि अंगावरून पांढरं जातंय त्याला वास येतोय, असं दोनतीन आठवडे चाललंय म्हणे. ज्या मुलाबरोबर राहते तो वीसएकवीसचा असेल, टेम्पोवर हमाली करतो, वाईट वागवत नाही असं ती म्हणते. मूल नकोय असं तिने मला न विचारता स्वतःहून सांगितलं.

ती एकटी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. केसपेपरच्या खिडकीवर आधार मागितलं, नाही म्हटल्यावर नवरा कुठेय विचारलं, मागच्या रांगेतल्या बायका बघायला लागल्या आणि ही परत आली. आता तिथलीच एक मोठी बाई तिला म्हणतेय की मेडिकलमधून गोळ्या आणून देते, दोन दिवसांत मोकळी होशील. ती तयार आहे. मी फक्त एवढंच म्हणाले की एक दिवस थांब.

मला कळत नाहीये की आधारशिवाय तिला घेतील का, वय अठराच्या खाली निघालं तर पोलीस येतील का, आणि त्या मुलाला धरलं तर ती माझ्याशी परत बोलेल का. आणि या गोळ्या खरंच एवढ्या धोक्याच्या असतात का की आपणच घाबरतो? ज्यांनी अशा मुलींबरोबर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

गायनॅकवाली:

ताई, आधी एवढं वाचा, बाकीचं रिक्षात बसल्यावर वाचा. पाळी चुकलेली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखणं हे दोन्ही एकत्र असेल तर ते सोमवारच्या ओपीडीपर्यंत ठेवायचं दुखणं नाही. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर नळी फुटते आणि रक्त पोटात आतल्या आत जातं, बाहेर फार काही दिसतच नाही. चक्कर, घाम, खांद्यात दुखणं, अंग पांढरं पडणं यातलं काहीही झालं तर १०८ लावा. काहीही झालं नसलं तरी आजच न्या. ओपीडीच्या रांगेत नाही, थेट कॅज्युअल्टीत, आणि तिथे दोन वाक्यं मोठ्याने सांगा की पाळी चुकलीय आणि पोटात दुखतंय. या दोन वाक्यांवर तुम्हाला गायनॅकला पाठवतातच.

आधारचं म्हणाल तर तातडीच्या उपचारासाठी कुठल्याही दवाखान्याला आधार मागून अडवता येत नाही. पत्त्याच्या जागी रस्त्याचं नाव आणि फुटपाथ किंवा पुलाखाली असं लिहितात, आम्ही लिहिलेलं आहे. मूल ठेवायचं असतं तरी हेच आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११पासून आहे, सरकारी ठिकाणी बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं फुकट. आधार नाही म्हणून बाळंतपण नाकारता येत नाही. खिडकीवरच्या माणसाला हे कधी माहीत नसतं, कधी माहीत असून तो विचारतो, म्हणून तिच्याबरोबर कुणीतरी असणं हेच अर्धं काम आहे. माझ्या रेसिडेन्सीतला अनुभव सांगते, फुटपाथवरची एकटी आलेली मुलगी आणि बरोबर एक ताई असलेली मुलगी यांना तीच सिस्टर वेगळं वागवते. असं असायला नको पण आहे.

आता वासाचं पांढरं पाणी, जळजळ आणि दुखणं. बहुतेक इन्फेक्शन खालून वर पिशवी आणि नळ्यांपर्यंत चढलंय. घर असलेल्या मुलीलाही हे होतं पण ती चार दिवसांत डॉक्टरकडे जाते, ही तीन आठवडे अंगावर काढते, आणि नळ्यांचं नुकसान याच आठवड्यांत होतं. पुढे मूल न राहणं किंवा पुढचा गर्भ नळीत राहणं याची पाळंमुळं इथे असतात. सरकारी केंद्रात यासाठी रंगाच्या पाकिटात औषधं मिळतात, ओटीपोटाच्या दुखण्याचं पाकीट पिवळं, साध्या योनीमार्गाच्या इन्फेक्शनचं हिरवं. पण एक लक्षात ठेवा, पिवळ्या पाकिटात डॉक्सीसायक्लिन असतं, ते गरोदरपणात देत नाहीत, म्हणून कुणी नुसतं लक्षणं ऐकून पाकीट हातात ठेवत असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगा. आणि त्या मुलाचेही उपचार झाले पाहिजेत नाहीतर हे महिनाभरात परत.

गोळ्यांबद्दल. गोळ्या वाईट नाहीत. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत, हजारो बायका घरी घेतात. पण घरी घेतात म्हणजे घर असतं, संडास असतो, पाणी असतं, कुणीतरी बघायला असतं. या गोळ्यांनी दहाबारा दिवस अंगावरून जाऊ शकतं, पहिल्या दिवशी गाठी पडतात, पोटात कळा येतात, जुलाब-उलट्या होतात. पुलाखाली ती हे कुठे करणार? वर बहुतेक तिचं हिमोग्लोबिन कमी असणार. आणि गर्भ नळीत असेल तर या गोळ्या कामच करत नाहीत, उलट सगळ्यांना वाटतं मोकळी झाली आणि नळी मागाहून फुटते. म्हणून सोनोग्राफीशिवाय नाही म्हणजे नाही. माझं स्पष्ट मत आहे की जिला राहायला जागाच नाही तिच्यासाठी दवाखान्यात सक्शनने, म्हणजे गर्भ ओढून काढून, एकाच वेळी करून घेणं जास्त बरं, दहापंधरा मिनिटांचं काम असतं आणि झालं की नाही हे तिथेच कळतं.

एक विनंती, मूल नको हे तिने तुम्हाला सांगितलंय, पण डॉक्टरांनाही तिला एकटीला भेटू द्या. मावशी नको, तो मुलगा नको, तुम्हीही नको. तिथे ती कधी वेगळं बोलते.

कोर्टातली:

वरच्या डॉक्टर मॅडमनी उपचाराचं सांगितलंय, मी फक्त कायद्याचं सांगते आणि जे अवघड आहे ते न लपवता सांगते.

ती अठरा पूर्ण असेल तर गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते, नवऱ्याची नाही, आईची नाही, कुणाची नाही. २०२१च्या दुरुस्तीत कायद्यात नवरा हा शब्द जाऊन जोडीदार आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न न झालेली आणि झालेली यांत फरक करता येणार नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं, त्यात बलात्कार झालेल्या आणि अल्पवयीन मुली येतात. तुमची मुलगी यात लवकर आहे, तो फायदा घालवू नका.

अठराच्या खाली असेल तर दोन गोष्टी बदलतात. पालकाची लेखी संमती लागते, पण एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या देखभालीत ती मुलगी आहे ती व्यक्ती, जन्मदाते आईबापच पाहिजेत असं नाही. मावशी सांभाळत असेल तर मावशी सही करू शकते, अंगठाही चालतो. दुसरं पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. अठराच्या आतल्या मुलीची स्वतःची हो-ना कायदा धरत नाही, त्यामुळे दवाखान्याला कळवावंच लागतं, आणि नीट वाचा, कलम १९ फक्त डॉक्टरला नाही, ज्याला कुणाला माहीत आहे त्या प्रत्येकाला लागू आहे. म्हणजे वय कमी आहे हे नक्की कळलं तर तुम्हालाही. मला हे सांगायला आवडत नाही कारण याच भीतीने या वयाच्या मुली दवाखान्यातच जात नाहीत, पण तुम्हाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्याच २०२२च्या निकालात कोर्टाने हा अडसर पाहिला आहे. मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. बऱ्याच डॉक्टरांना हे माहीत नाही, माहीत असलं तरी भीती वाटते, म्हणून निकालाची प्रत फोनमध्ये ठेवा आणि शांतपणे दाखवा. आणि कळवण्याची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत गर्भपात थांबवून ठेवायचा असं कुठल्याही कायद्यात नाही. कुणी म्हणालं की आधी एफआयआरची कॉपी आणा, तर लेखी द्या म्हणा.

पोलिसांपर्यंत गेलंच तर जबाब तिला हवा त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचंच नाही. २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती तिच्यासाठी एक सपोर्ट पर्सन नेमू शकते, तो मागून घ्या. महाराष्ट्रात अशा मुलींना मदत देणारी मनोधैर्य योजनाही आहे, २०१३पासून. वयाचा दाखला म्हणून आधी शाळेचा किंवा जन्माचा कागद बघतात, हाडांची टेस्ट सगळ्यात शेवटी. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत जरी नाव घातलेलं असलं तरी रजिस्टर असतं, ते शोधा.

साधासरळ:

एवढी चर्चा कशाला? १०९८ लावा, मुलांची हेल्पलाइन आहे, ते बघतील. अल्पवयीन मुलगी रस्त्यावर एका पुरुषाबरोबर राहतेय आणि गरोदर आहे, हिला आजच्या आज सुरक्षित जागी हलवायला पाहिजे. तुम्ही सगळे तिला तिथेच ठेवून उपचार कसे करायचे याचा विचार करताय हे मला पटत नाही. बालगृहात निदान दोन वेळचं जेवण आणि दार असलेली खोली मिळेल.

प्लॅटफॉर्मनंबरसहा:

दादा तुमचं चुकीचं आहे असं नाही म्हणत मी. माझ्या लहानपणातली बरीच वर्षं स्टेशनवर गेलीत, आता कामाला आहे, खोली आहे, लग्न झालंय. १०९८वालेच एकदा मला ताप असताना दवाखान्यात घेऊन गेले होते, तो नंबर पाठच पाहिजे. पण आम्हाला गाडी आली एवढा शब्द कानावर पडला की आम्ही रूळ ओलांडून पळायचो. गाडी भिकारी पकडणाऱ्यांची असो की बालगृहाची असो की पोलिसांची, आम्हाला सगळ्या सारख्याच. भीक मागणं हा महाराष्ट्रात १९५९च्या कायद्याने अजून गुन्हा आहे, मग आम्ही कुठल्या गाडीवर विश्वास ठेवायचा? या मुलीला न विचारता फोन लावला तर ती रात्रीत दुसऱ्या पुलाखाली जाईल, आणि तिथे ताई नसेल. मग त्या मेडिकलच्या गोळ्याच. ताईंनी आधी तिला दवाखान्यात न्यावं, जीव वाचला की पुढचं सगळं सांगता येतं, आणि तिला आधीच सांगावं की वय कमी निघालं तर काय काय होईल. खोटं बोलून नेऊ नका. एकदा खोटं पकडलं की ती पोर कुठल्याच मोठ्या माणसाचं ऐकत नाही, मला माहितीये.

आणि ताई, तुम्ही फक्त मुलीचं लिहिलंय म्हणून एक गोष्ट सांगतो जी इथे कुणी विचारणार नाही. मुलांचं पण बघा. स्टेशनवर नवीन आलेल्या पोराला पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी जेवू घालतो, झोपायला जागा दाखवतो, आणि त्याची किंमत रात्री घेतो. आमच्यातल्या कितीतरी जणांबरोबर झालं. त्याला आम्ही काय म्हणायचं हेही माहीत नव्हतं, बलात्कार मुलीवर होतो असंच वाटायचं. पॉक्सो मुलांनाही लागू आहे हे मला पंचविशीत कळलं. जखम झाली, पू आला, लघवीला रक्त आलं तरी सोल्युशन म्हणजे चिकटवायचा गोंद रुमालावर घेऊन हुंगायचा आणि झोपायचं, दुखणं कळत नाही. मोठा झाल्यावर तोच पोरगा एखाद्या मुलीबरोबर राहायला लागतो आणि त्याचं दुखणं तिला जातं, कुणीच कधी तपासलेलं नसतं. या हमाली करणाऱ्या मुलाला व्हिलन करू नका एवढंच म्हणतो, त्याचंही रक्त तपासून घ्या. तुमच्या पुलाखाली पोरं रुमाल तोंडाला लावून बसत असतील तर बघा, मुली पण लावत असतील, आणि गरोदर असताना त्याने बाळाला त्रास होतो असं मला एका डॉक्टरने सांगितलंय.

गायनॅकवाली:

हो, बरोबर सांगितलंय त्यांनी. सोल्युशन आणि व्हाइटनरमधल्या टोल्युईनने बाळाची वाढ खुंटते, मेंदूवरही परिणाम होतो, आणि आईची किडनीही बिघडते. प्लॅटफॉर्मनंबरसहा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून आभार. मुलांची तपासणी करताना हा प्रश्न आम्ही डॉक्टर लोक विचारतच नाही.

पुणेस्टेशनग्रुप:

आम्ही पुण्यात हेच काम करतो, वरचं सगळं महत्त्वाचं आहे पण पुढच्या रविवारपासून तुमच्या हातात काय आहे ते सांगते.

पॅड वाटायच्या आधी निकर वाटा. खरंच सांगते. मोठमोठे ग्रुप येतात, पॅडची पाकिटं देतात, फोटो काढतात आणि जातात, आणि मुली ती पाकिटं विकतात कारण घालायला निकरच नसते, असली तरी एकच असते. तीन निकर, दोन गडद रंगाची सुती फडकी, साबणाची वडी आणि हे सगळं पावसात कोरडं राहील अशी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी, हे आमचं किट आहे. पाळीचा कप कुणी सुचवला तर नको म्हणा, तो उकळायला पाणी आणि हात धुवायला नळ लागतो.

कपडा वाईट नसतो, ओला कपडा वाईट. या मुली कपडा ओढणीखाली किंवा ताडपत्रीच्या आत वाळवतात म्हणजे तो वाळतच नाही, तोच परत घेतात. आंघोळ पहाटे चारला, अंगावरचे कपडे न काढता, पाण्याच्या टँकरजवळ किंवा फुटलेल्या पाइपवर. पाणी कमी पितात कारण संडासाला प्रत्येक वेळी पैसे द्यायचे आणि रात्री तो बंद, आणि बंद नसला तरी रात्री तिकडे जाणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मग लघवीचं इन्फेक्शन दर दोन महिन्यांनी. मुंबईत बायकांना लघवीसाठी पैसे पडू नयेत म्हणून राइट टू पी वाल्या बायका २०११पासून भांडतायत, त्यांच्यामुळे काही ठिकाणी फरक पडलाय, पण पुलाखालच्या मुलीला काउंटरवरचा माणूस बघूनच हाकलतो. आम्ही एका शौचालयवाल्याशी बोलून महिन्याचे पैसे एकत्र देऊन टाकतो, मुलींची नावं तिथे लिहून ठेवलीत. तुम्हालाही जमेल, फार खर्च नाही.

निवाऱ्याचं कुणी विचारेलच म्हणून सांगते. नियम असा की शहरात एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक निवारा. मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. तेवढे कुठे आहेत? आणि जे आहेत त्यांत एकट्या तरुण मुलींसाठी किती? त्या मुलाबरोबर ती का राहते याचं निम्मं उत्तर इथेच आहे, रात्री एकटी झोपण्यापेक्षा एका ओळखीच्या माणसाशेजारी झोपणं तिला सुरक्षित वाटतं.

आणखी एक मला फार खुपतं. सरकारचा मोठा आरोग्य सर्व्हे होतो त्यात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये शंभरात ५९ जणींना रक्त कमी असं २०१९-२१च्या फेरीत आलं. पण तो सर्व्हे घरोघर जाऊन करतात. जिला घरच नाही ती त्यात येतच नाही. २०११च्या जनगणनेने देशात १७ लाखांहून जास्त बेघर मोजले, त्यांतल्या या वयाच्या मुलींचं हिमोग्लोबिन किती, कितीजणींची पाळी चुकली, कितीजणींनी मेडिकलच्या गोळ्या घेतल्या हे त्या आकड्यात नाही. मग त्यांच्यासाठी बजेट कोण मागणार? म्हणून तुम्ही सगळे जे बघताय ते वहीत लिहून ठेवा, नावं न लिहिता. वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर वही ठेवली की तो निदान ऐकतो.

पुलाखालचीशाळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

त्याच संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण तिला घेऊन गेलो. जायच्या आधी तिला सगळं सांगितलं, पोलिसांचंही, प्लॅटफॉर्मनंबरसहा म्हणाले तसं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली मावशीला घ्या बरोबर. कॅज्युअल्टीत ती दोन वाक्यं सांगितली आणि खरंच आत घेतलं, आधार कुणी विचारलं नाही. गर्भ पिशवीतच होता, आठ आठवडे आणि काही दिवस. नळ्यांना सूज होती. हिमोग्लोबिन ७.२ आलं. एचआयव्ही निगेटिव्ह, पण गरमीची म्हणजे सिफिलिसची टेस्ट पॉझिटिव्ह. पेनिसिलिनचं इंजेक्शन लगेच दिलं. रक्ताची एक बाटली चढवली, आणि इन्फेक्शनची औषधं सुरू करून दोन दिवसांनी सक्शनने केलं. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलल्या, बाहेर आल्यावर ती रडत होती पण ठाम होती.

वय सतरा निघालं. समाजसेविकेने गावच्या शाळेत फोन करून रजिस्टर बघायला लावलं. मावशीने अंगठा दिला. मी निकालाची प्रत दाखवली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली आणि मग मावशी आणि तिच्या दोघींच्या विनंतीवर नाव न घालता कळवलं. पोलिसांचा एक फोन आला, डॉक्टरांनी त्यांना निकालाचा हवाला दिला. पुढे काय होईल मला माहीत नाही. त्या मुलाला मी स्वतः तपासायला नेलं, तो घाबरला होता, दोन दिवस आलाच नाही, तिसऱ्या दिवशी उभा होता गेटवर. त्याचीही गरमीची टेस्ट पॉझिटिव्ह, त्यालाही इंजेक्शन दिलंय.

वॉर्डमध्ये तिला आणखी तीन दिवस ठेवून घेतलं कारण डॉक्टर म्हणाल्या हिला सोडून कुठे पाठवू. आता परत पुलाखाली आहे. साधासरळ, तुमचा मुद्दा मी तिच्यासमोर मांडला, १०९८ आणि निवाऱ्याबद्दल, ती नको म्हणाली पण नंबर पाठ केलाय. मी सोडून देणार नाही तो विषय.

आता पुढचं विचारायचंय. तिला परत दिवस जाऊ नयेत म्हणून काय घ्यावं? गोळ्या रोज घेणं तिला जमणार नाही, पिशवी दोनदा चोरीला गेलीय. आणि बाकीच्या मुली आता मला येऊन विचारतायत, एकीला अंगावर फोड आलेत. त्यांना कुठे पाठवू?

सिस्टरदीदी:

मी समुपदेशक होते सरकारी केंद्रात, आता रिटायर. तुमच्या मुलीसाठी अंतरा इंजेक्शन बघा, तीन महिन्यांतून एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट, जवळ काही ठेवावं लागत नाही, कुणाला दिसत नाही. पण आधी तिला नीट सांगा की पाळी पुढेमागे होईल, डाग दिसतील, मग कदाचित बंदच होईल, आणि त्याने काही बिघडत नाही. हे न सांगता दिलं की मुली घाबरून दुसरा डोस घेत नाहीत, मी शेकड्याने पाहिल्यात. कार्ड तिच्याजवळ हरवेल, तुमच्या वहीत तारीख लिहा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. तांबी पण चांगली पण आत्ता नळ्यांना सूज होती तर लगेच नको, डॉक्टर सांगतील तेव्हा. छाया नावाची गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, रोजची नाही, पण पिशवी चोरीला जाते म्हणताय तर इंजेक्शनच बरं. अंतराने गुप्तरोग थांबत नाही म्हणून निरोध लागतोच, ते आमच्याकडे डब्यातून न विचारता घेता येतात, त्या मुलाच्या हातात द्या, तिच्या नाही.

एचआयव्ही परत तीन महिन्यांनी करा, आत्ताचा निगेटिव्ह म्हणजे शेवटचा नाही. गरमीच्या टेस्टचा आकडा उतरतोय का ते बघायला तीन आणि सहा महिन्यांनी परत रक्त द्यायचं, ही तपासणी बहुतेकजणी चुकवतात. अंतराचा दुसरा डोस आणि ही रक्ततपासणी साधारण एकाच महिन्यात येतात, दोन्ही एकाच फेरीत करून घ्या. लोहाच्या गोळ्या एकदम महिन्याच्या देऊ नका, तुम्ही शनिवार-रविवारी जाता तर आठवड्याच्या कागदात बांधून द्या, आणि समोर एक घ्यायला लावा, चहाबरोबर नको.

बाकीच्या मुलींना सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं तिथे न्या, गुप्तरोगाची तपासणी आणि औषध फुकट, एचआयव्हीची आयसीटीसीत, म्हणजे सल्ला आणि तपासणी केंद्रात. फोड आलेलीला आधी न्या, थांबू नका, फुटलेले असतील तर कपडा वेगळा ठेवायला सांगा. दहा ते एकोणीस वयाच्यांसाठी मैत्री क्लिनिक आहे, काही ठिकाणी ठरावीक वारीच असतं, आधी जाऊन वार विचारा. एचआयव्हीबद्दल फोनवर काही विचारायचं असेल तर १०९७. आणि कुणावर जबरदस्ती झाली असेल तर ७२ तासांच्या आत न्या, गर्भ न राहण्याची गोळी आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांची औषधं त्या वेळेत सुरू झाली तर उपयोग होतो. खासगी दवाखान्यालाही त्या मुलीवर फुकट उपचार करावेच लागतात, कायदा आहे. पालिकेच्या काही दवाखान्यांत अत्याचार झालेल्या बायकांसाठी दिलासा केंद्र असतं, पहिलं २०००मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं, तिथल्या बायका आधी मुलीचं ऐकून घेतात, कागद नंतर.

पहिल्यांदा सगळ्यांना एकदम नेऊ नका, दोघी-दोघी न्या. आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी न्या, सोमवारी गर्दीत कुणालाच वेळ नसतो.

पुलाखालचीशाळा:

सिस्टर, फोड आलेली मुलगी आणि तिची मैत्रीण या गुरुवारी येतायत. त्या तयार झाल्या कारण ही स्वतः बरोबर येतेय, मी काही न सांगता तीच त्यांना म्हणाली की आधार विचारत नाहीत, मी दाखवते कुठे जायचं. अंतराचंही त्याच दिवशी विचारून घेऊ. वकील मॅडम, तो निकाल मराठीत दोन पानांत कुणी लिहून देऊ शकेल का? बाकीच्या दवाखान्यांत दाखवायला लागेल.

कोर्टातली:

मी लिहून देते, रविवारपर्यंत. इथेच टाकते म्हणजे इतरांनाही घेता येईल.